काळ्या खिडकीतलं युनिक्स

युनिक्ससाठी लिहिलेली शेल स्क्रिप्ट विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून चालवायची, हे काम माझ्या नेमणूकपत्रात कधीच नव्हतं. पदं बदलली, कंपन्या बदलल्या, तरी ते फिरून माझ्याकडेच येत राहिलं. रात्रपाळीतून फोन यायचा आणि पलीकडचं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं : "मॅडम, हाताने चालवली तर चालते, बॅचमधून चालत नाही." या वाक्याचा माग काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ती सत्कारणी लागली असंच मला वाटतं. फाइलमध्ये लिहिलेल्या ओळी म्हणजे प्रोग्रॅम, असं कॉलेजात शिकले होते. त्या ओळी ज्या वातावरणात चालतात तेही प्रोग्रॅमचाच भाग असतं आणि ते बहुधा कुणी लिहून ठेवलेलं नसतं, हे या कामात कळलं.

सुरुवात २००० नंतरच्या काळातली. पुण्यात आमचा गट एका परदेशी विमा कंपनीचं रात्रीचं काम सांभाळायचा. संध्याकाळी शाखांकडून मजकुराच्या फाइली यायच्या. त्या एकत्र करायच्या, क्रमाने लावायच्या, मोजायच्या, शेवटी एकूण नोंदींचा आकडा असलेली ओळ जोडायची आणि पहाटेच्या आत पुढच्या यंत्रणेकडे पाठवायच्या. हे सगळं सनच्या सोलारिस मशीनवर, कॉर्न शेलमध्ये चालायचं. स्क्रिप्ट्स लिहिणारी माणसं केव्हाच नोकरी सोडून गेली होती. मग ग्राहकाने सर्व्हर बदलून विंडोजवर जायचं ठरवलं. मुख्य प्रणाली नव्याने लिहायला पैसे मिळाले, माणसं मिळाली. स्क्रिप्ट्सबद्दल बैठकीत एवढंच ठरलं की त्या आहेत तशाच चालतील.

चालवण्याचे रस्ते तेव्हाही होते. कॅनडातल्या वॉटर्लूच्या मॉर्टिस कर्न सिस्टिम्सचं एमकेएस टूलकिट होतं, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागायचा. इंटरिक्स ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने १९९९ साली घेतली होती आणि २००४ पासून 'सर्व्हिसेस फॉर युनिक्स'च्या ३.५ आवृत्तीबरोबर ती मोफत मिळू लागली. तिसरं सिगविन, १९९५ साली सिग्नस सोल्युशन्स या अमेरिकी कंपनीत सुरू झालेलं. युनिक्सच्या प्रोग्रॅमला जे जे लागतं ते एका डीएलएल फाइलच्या मध्यस्थीने विंडोजकडून करवून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. आम्ही सिगविन घेतलं, कारण त्यासाठी मंजुरीचा कागद फिरवावा लागत नव्हता. मोठे तांत्रिक निर्णय कितीदा अशा कारणाने होतात, हेही तेव्हाच पाहिलं.

युनिक्समध्ये फाइलची पहिली ओळ '#!' या चिन्हांनी सुरू झाली की ती फाइल कुठल्या शेलकडे द्यायची ते कर्नल त्या ओळीवरून ठरवतो. विंडोज ती ओळ बघत नाही. ते फाइलच्या नावात टिंबानंतर काय आहे ते बघतं. म्हणून एक छोटी बॅच फाइल लिहायची, तिने बॅशला बोलवायचं आणि बॅशने स्क्रिप्ट चालवायची. या बॅच फाइलला आम्ही 'जोड' म्हणायचो. पुढची सगळी हकिगत खरं तर या जोडाचीच आहे.

पहिला त्रास तिरक्या रेघेचा. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डरची सोय आली तोवर '/' हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होतं, म्हणून फोल्डरच्या वाटेत '\' आली. बॅशला मात्र '\' म्हणजे 'पुढच्या अक्षराचा विशेष अर्थ काढून टाक' अशी खूण वाटते. 'सी:\कामे\नवी' असं जोडातून आज्ञेच्या ओळीत टाकलं, अवतरणचिन्हं नसली, तर बॅशच्या हाती 'सी:कामेनवी' एवढंच उरतं. सिगविनमध्ये याच्यासाठी सिगपाथ नावाचं हत्यार आहे, ते दोन्ही बाजूंच्या वाटा एकमेकींत बदलून देतं. ते सापडेपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने रेघा उलटसुलट करत होता आणि दर स्क्रिप्टमध्ये वेगळीच तऱ्हा दिसायची. शेवटी सगळं रूपांतर एका जागी, जोडातच करायचं आणि स्क्रिप्टच्या आत फक्त सरळ रेघ येऊ द्यायची, असा दंडक घातला. तो मी आजही पाळते.

रेघ निदान दिसते. ओळीच्या शेवटी काय आहे ते दिसत नाही. टेलिप्रिंटरच्या काळापासून 'डोकं ओळीच्या सुरुवातीला ने' आणि 'कागद एक ओळ वर सरकव' अशा दोन वेगळ्या खुणा होत्या. डॉस आणि त्याच्यामागून विंडोजने दोन्ही ठेवल्या, युनिक्सने फक्त दुसरी ठेवली. एका रात्री पाळीवरच्या मुलाला स्क्रिप्टमधली एक तारीख बदलायला सांगितलं गेलं. त्याने ती नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळी स्क्रिप्ट एकाच लांबलचक ओळीत दिसली, कारण २०१८ पर्यंत नोटपॅडला युनिक्सची एकेरी खूण कळतच नव्हती. म्हणून त्याने ती वर्डपॅडमध्ये उघडली. तिथे नीट दिसली, त्याने तारीख बदलली आणि जतन केली. वर्डपॅडने प्रत्येक ओळीच्या शेवटी आपली दुहेरी खूण घातली. त्यानंतर पडद्यावर आलेला संदेश असा होता की कुठलीतरी आज्ञा सापडत नाही, पण तिचं नावच दिसत नव्हतं. त्या नावात 'डोकं सुरुवातीला ने' ही खूण होती आणि पडद्याने ती इमानाने पाळली होती, म्हणून पुढची अक्षरं आधीच्या अक्षरांवर छापली गेली.

त्या मुलाने काहीही वावगं केलं नव्हतं. समोर असलेल्या साधनाने सांगितलेलं काम केलं होतं. पण सकाळी जो अहवाल लिहिला गेला त्यात 'ऑपरेटरची चूक' असा शेरा होता, आणि तो बदलून घेण्यासाठी मला जितकी पत्रं लिहावी लागली तितकी स्क्रिप्ट दुरुस्त करायला लागली नाहीत. त्यानंतर जोडात मी पहिली तपासणी हीच घातली. स्क्रिप्टमध्ये ती दुहेरी खूण आढळली तर काम सुरूच करायचं नाही, आणि पडद्यावर स्पष्ट लिहायचं की फाइल कुठल्या एडिटरने बिघडली असावी आणि कुठली आज्ञा दिली की ती सरळ होईल. हा संदेश रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिला, कारण त्या काळ्या खिडकीत देवनागरी उमटत नव्हती. मध्यरात्री एकट्या बसलेल्या माणसाला आपल्या भाषेतलं एक वाक्य किती धीर देतं, ते पुढच्या फोनांवरून समजलं. फोन कमी झाले.

कॉर्न शेलवरून बॅशवर येतानाचा प्रसंग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. कॉर्न शेल हे बेल लॅब्जमधल्या डेव्हिड कॉर्न यांचं. त्यांचा एक किस्सा आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे आणि तो खरा असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. यूझनिक्सच्या विंडोज एनटी परिषदेत मायक्रोसॉफ्टचे एक वक्ते सांगत होते की आमच्या युनिक्स संचात कॉर्न शेल असेल. श्रोत्यांतून एका गृहस्थांनी उठून म्हटलं की ते खरं कॉर्न शेल नव्हे, एमकेएसचं आहे आणि ते मूळ शेलशी पुरतं जुळत नाही. वक्ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. शेवटी सभेतल्या कुणीतरी सांगितलं की हरकत घेणारे गृहस्थ म्हणजेच डेव्हिड कॉर्न. हा किस्सा लोक हसण्यासाठी सांगतात. मला मात्र तो नेहमी गंभीर वाटत आला आहे, कारण त्यांनी घेतलेली हरकत आमच्या रोजच्या कामाची होती. नाव सारखं, आज्ञा सारख्या, आणि वागणूक एका कोपऱ्यात वेगळी.

आमचा कोपरा मोजणीचा होता. पाइपमधून आलेली फाइल ओळीओळीने वाचायची आणि दर ओळीला मोजणी एकने वाढवायची, अशी रचना त्या जुन्या स्क्रिप्ट्समध्ये जागोजाग होती. कॉर्न शेलमध्ये पाइपचा शेवटचा तुकडा मूळ शेलमध्येच चालतो, त्यामुळे वळसा संपल्यावर मोजणी हातात राहते. बॅश तो तुकडा वेगळ्या प्रक्रियेत चालवतं. ती प्रक्रिया संपली की तिच्यातली मोजणीही संपते आणि बाहेर उरतं शून्य. पहिल्या चाचणीत सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या, क्रम बरोबर होता, आणि शेवटच्या ओळीत एकूण नोंदी : शून्य. बॅशच्या ४.२ आवृत्तीत ही वागणूक बदलण्याचा एक पर्याय आला, पण तो आमच्यासाठी फार उशिरा. आम्ही प्रत्येक वळसा शोधून पाइपऐवजी फाइल थेट आत वळवली. पुढच्या यंत्रणेने शून्य आकड्याची फाइल नाकारली म्हणून हे निदान लगेच समजलं. जिथे आरडाओरडा होतो तिथे माणूस वाचतो, हे तेव्हा पटलं. गप्प राहणाऱ्या बिघाडांची धास्ती त्यानंतर कायमची बसली.

तसा एक बिघाड टक्क्याच्या चिन्हाने केला. युनिक्सच्या डेट आज्ञेकडून वर्ष, महिना, दिवस असा आकडा हवा असेल तर टक्का-वाय, टक्का-एम, टक्का-डी असं लागून लिहितात. एका सहकाऱ्याने ती ओळ काळ्या खिडकीत बॅशच्या नावापुढे टाइप करून पाहिली आणि आजची तारीख बरोबर आली. मग तीच ओळ जशीच्या तशी बॅच फाइलमध्ये ठेवली. कमांड प्रॉम्प्टला दोन टक्क्यांमध्ये काही दिसलं की ते चलाचं नाव वाटतं. खिडकीत हाताने लिहिताना तसं चल नसेल तर तो मजकूर तसाच पुढे जातो. बॅच फाइलमध्ये मात्र तो पुसला जातो आणि जोडीदाराविना उरलेला टक्काही गळतो. राहतं काय, तर 'एमडी'. मग रोजच्या फाइलच्या नावात तारखेऐवजी 'एमडी' येऊ लागलं, आणि दर रात्रीची फाइल आदल्या रात्रीच्या फाइलवर लिहिली जाऊ लागली. काम रोज वेळेत पुरं होत होतं. जुनी फाइल कुणी मागितली तेव्हाच हे उघड झालं.

उपाय म्हणून बॅच फाइलमध्ये टक्का दोनदा लिहितात. पण माझ्या मते तो अर्धाच उपाय आहे. एका ओळीत दोन शेलांचं व्याकरण मिसळणं हीच मुळात बाधा. कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरणचिन्ह माहीत नाही, बॅशला टोपीच्या चिन्हाचा तिथला अर्थ माहीत नाही. शिवाय विंडोजमध्ये नव्या प्रोग्रॅमला त्याची सगळी ओळ एकसंध मजकूर म्हणून मिळते आणि शब्द कुठे तोडायचे ते तो प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. युनिक्समध्ये शब्द आधीच सुटे करून दिले जातात. म्हणून जोडात मी बॅशला कधीही वाक्य देत नाही. फक्त एका स्क्रिप्टचं नाव देते आणि बाकी सगळं त्या स्क्रिप्टच्या आत लिहिते. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण एवढ्याने किती रात्री वाचल्या ते त्या रात्री जागलेल्यांना विचारावं.

आता सॉर्टबद्दल. हे मी दर नव्या माणसाला सांगते, कारण यात कुठलीही आज्ञा अडत नाही. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये फाइंड आणि सॉर्ट या नावांचे दोन प्रोग्रॅम पहिल्यापासून आहेत. युनिक्समध्येही त्याच नावांचे आहेत. सिगविनची स्वतःची खिडकी उघडली की ते लॉगिन शेल असतं. ते आपली सेटिंगची फाइल वाचतं आणि शोधाच्या वाटेत युनिक्सची हत्यारं आधी ठेवतं. कमांड प्रॉम्प्टवरून नुसतं बॅश बोलावलं तर ती फाइल वाचलीच जात नाही, विंडोजची वाट जशीच्या तशी येते, आणि तिच्यात सिस्टिम३२ पुढे असतं. 'हाताने चालते, बॅचमधून नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघायचं. फाइंडच्या बाबतीत विंडोजचा प्रोग्रॅम युनिक्सचे पर्याय पाहून ताबडतोब तक्रार करतो, म्हणून तो शहाणा. सॉर्टला काही पर्याय न देता बोलावलं तर दोन्ही सॉर्ट आनंदाने काम करतात.

फक्त क्रम वेगळा लावतात. विंडोजचं सॉर्ट लहान आणि मोठी रोमन अक्षरं सारखी मानतं. युनिक्सचं सॉर्ट, साध्या 'सी' लोकेलमध्ये, मोठी अक्षरं आधी आणि लहान नंतर ठेवतं. आमच्याकडे पॉलिसी क्रमांकांच्या दोन याद्यांचा ताळा घ्यायचं काम होतं. एक यादी ग्राहकाच्या उरलेल्या युनिक्स मशीनवर लावून यायची, दुसरी आमच्या विंडोजवर लावली जायची, आणि कॉम ही आज्ञा दोन्हींतला फरक सांगायची. कॉमला दोन्ही याद्या एकाच क्रमात हव्या असतात. त्या काळचं कॉम क्रम मोडला तरी हूं की चूं करायचं नाही. परिणामी जे क्रमांक दोन्हीकडे होते तेच 'इथे आहे, तिथे नाही' आणि 'तिथे आहे, इथे नाही' अशा दोन्ही याद्यांत दिसू लागले. ताळा घेणाऱ्या विभागातल्या बाई ते फरक हाताने निकालात काढत बसल्या. त्यांना वाटलं, नव्या सर्व्हरवर आकडेवारी अशीच येत असेल. बऱ्याच दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, "हे दोन्हीकडचे क्रमांक मला सारखेच दिसतात, तुम्हाला काही वेगळं दिसतंय का?" त्या बाई संगणकशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. पण कागदावर बोट ठेवून जुळवून बघण्याची त्यांची सवय आमच्या सगळ्या चाचण्यांहून सरस ठरली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या ओळी ठरलेल्या आहेत. शोधाची वाट स्वतः लिहायची, लोकेल 'सी' आहे हे स्वतः लिहायचं, कामाचा फोल्डर स्वतः लिहायचा. लॉगिन शेल मागवलं तर वाट आपोआप मिळते हे खरं, पण सिगविनमध्ये ते स्वतःहून होम फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि मग सापेक्ष वाटा चुकतात. त्यापेक्षा जे हवं ते लिहून मागावं. सोलारिसवर ही माहिती हवेतच असायची, कुणाला लिहायची गरज पडली नव्हती. दुसऱ्या मशीनवर आल्यावर ती लिहावी लागली, आणि लिहिल्यामुळे स्क्रिप्ट पहिल्यापेक्षा चांगली झाली.

वेगाबद्दल थोडक्यात. युनिक्समध्ये एका प्रक्रियेतून दुसरी काढणं स्वस्त आहे, विंडोजमध्ये त्यासाठी लागणारी फोर्क ही सोयच तशी नाही. सिगविन नवी प्रक्रिया उभी करून जुनीची मेमरी तिच्यात उतरवून घेतं. वर अँटिव्हायरस प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना तपासतो. दर ओळीला कट आणि एक्सप्र बोलावणारी स्क्रिप्ट म्हणजे एकेका पोळीसाठी नव्याने चूल पेटवणं. ऑकमध्ये सगळं एका प्रक्रियेत बसवलं की तेच काम चहा होईपर्यंत संपायचं. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी केलेली ही छोटी भाषा मी विंडोजच्या मंदपणामुळे नीट शिकले.

यशाची खोटी पावती हा आणखी एक धडा. जोडाच्या ओळीत नोंदवहीसाठी पुढे पाइप घालून टी आज्ञा जोडलेली असायची. पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल, आणि टी बिचारी नेहमीच यशस्वी. आत स्क्रिप्ट कोसळली तरी टास्क शेड्युलर हिरवा कंदील दाखवायचा. पाइप काढून नोंदवही स्क्रिप्टच्या आतूनच लिहायला लागलो आणि निकालाचा आकडा सरळ बाहेर आणला. शेड्युलरखाली चालणाऱ्या खात्याला माणसाने लॉगिन करून जोडलेले झेड किंवा वाय असे ड्राइव्ह दिसत नाहीत, हेही तिथेच कळलं. सर्व्हरचं पूर्ण नाव असलेली वाट द्यावी लागते.

मराठीशी या सगळ्याची गाठ पडली ती नोकरीबाहेर. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने आपल्याकडची जुनी नियतकालिकं स्कॅन करून ठेवली होती. फाइलींची नावं देवनागरीत, हौसेने आणि अचूक दिलेली. त्यांची सूची करण्यासाठी त्यांनी कुणाकडून तरी एक शेल स्क्रिप्ट मिळवली होती, मशीन मात्र विंडोजचं. सिगविन १.७ पासून, म्हणजे २००९ च्या अखेरपासून, नावं यूटीएफ-८ मध्ये नीट हाताळतं, त्यामुळे काम होण्यासारखं होतं. खिडकीत चौकोन दिसले तरी फाइलीत नावं बरोबर उतरत होती, एवढा विश्वास आधी त्यांना द्यावा लागला. मग यादीतलं पहिलंच नाव दर वेळी सापडेना. नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून जतन करताना सुरुवातीला तीन बाइट्सची अदृश्य खूण घातली होती आणि ती पहिल्या नावाला चिकटली होती. (२०१९ पासून नोटपॅड ही खूण आपणहून घालत नाही.)

ते सुटल्यावरही काही नावं हरवलेलीच. ती सगळी 'ॲ'ची निघाली. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, ते २००८ साली आलं. पण 'अ'वर चंद्र देऊनही ते लिहिता येतं, आणि कित्येक कीबोर्डांवर वर्षानुवर्षं तसंच लिहिलं जात आलं आहे. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला पूर्ण वेगळी. फाइलीला नाव देणाऱ्याने एक वापरलं होतं, यादी टाइप करणाऱ्याने दुसरं. यावर कुठलंही तयार हत्यार मला पुरलं नाही. एका रूपाचं दुसऱ्यात बदल करणारी सेडची ओळ लिहिली आणि यादी आणि फाइली दोन्ही तिच्यातून काढल्या. पगारी कामात केलेल्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा ती ओळ लिहिताना मला जास्त आनंद झाला.

मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅनॉनिकलच्या साथीने विंडोजवर उबुंटूचं बॅश आणायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अद्ययावत आवृत्तीत ते आलं. आमच्या गटातला एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी धावत आला. "मॅडम, आता तुमचं सगळं सोपं झालं." त्याचा आनंद खरा होता आणि पुष्कळ अंशी बरोबरही होता. पुढे २०२० मध्ये दुसरी पिढी आली, तिच्यात तर खरा लिनक्स कर्नलच चालतो. शून्य मोजणीसारख्या भानगडी असल्या तरी त्या लिनक्सवर असतात तेवढ्याच. पण जोड संपला नाही. उलट बॅश नावाचा एक प्रोग्रॅम आता थेट सिस्टिम३२ मध्ये आला. ज्या जोडांत नुसतं 'बॅश' लिहिलं होतं ते गिटबरोबर आलेल्या किंवा सिगविनच्या बॅशऐवजी या नव्या बॅशकडे जाऊ लागले. एकाच सी ड्राइव्हची वाट सिगविनमध्ये एक, गिटच्या बॅशमध्ये दुसरी, नव्या बॅशमध्ये तिसरी. प्रत्येक जोडात बॅशची पूर्ण वाट लिहिण्याचं काम आम्ही त्या महिन्यात संपवलं, आणि तो धावत आलेला मुलगाच ते करायला पुढे झाला.

आता मी सल्ल्यापुरती जाते. अलीकडे एका गटाने विचारलं की या जुन्या स्क्रिप्ट्स सरसकट टाकून सगळं पायथनमध्ये नव्याने लिहावं का. फाइली इकडच्या तिकडे करणाऱ्या, नावं बदलणाऱ्या स्क्रिप्ट्सना हात लावू नका, त्या गिटच्या बॅशखाली वर्षानुवर्षं निमूट चालल्या आहेत, असं मी सांगितलं. मोजणी आणि ताळ्याच्या स्क्रिप्ट्स जरूर नव्याने लिहा, कारण त्यांना चाचण्या जोडणं शेलमध्ये अवघड आहे. मात्र एका पूर्ण महिनाअखेरीपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालवा.

त्यांनी चालवल्या. नव्या प्रोग्रॅमची संख्या एका शाखेच्या फाइलीत एकाने जास्त आली. शोधल्यावर निघालं असं की त्या शाखेची फाइल शेवटच्या ओळीनंतर ओळ संपल्याची खूण न घालताच संपते. शेलमधली रीड आज्ञा अशी अर्धवट ओळ वाचते, पण 'संपलं' असं सांगते, आणि वळसा ती ओळ न मोजताच बाहेर पडतो. म्हणजे नवी संख्या बरोबर आहे. पण मग इतकी वर्षं पुढच्या यंत्रणेने एकाने कमी असलेला आकडा स्वीकारला कसा, की तिकडेही कुणीतरी तो एक कुठेतरी धरून चाललं आहे, हे अजून उलगडलेलं नाही. ते उलगडेपर्यंत जुनी स्क्रिप्ट बंद करू नका, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.